डॉ. बिरबल साहनी आणि दगडातली झाडे

आमच्या घरी काचेच्या कपाटात एक लाकडी फुलासारखी वस्तू ठेवलेली आहे. बद्री-केदारच्या यात्रेला गेलो होतो तेव्हा वाटेत चिडाच्या झाडांखाली तिचा खच पडला होता; त्यातली एक मी पदरात बांधून आणली. त्या वस्तूची गंमत अशी की पावसाळा लागला म्हणजे तिच्या सगळ्या पाकळ्या मिटतात आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पुन्हा उमलतात. झाडावरून पडून इतकी वर्षे झाली, जीव तर त्यात उरलेला नाही, मग हे कसे होते? माझा भाचा महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. त्याला विचारले तेव्हा त्याने मला हसून खाली बसवले आणि सांगितले, मावशी, हे फूल नव्हे आणि ह्या पाकळ्याही नव्हेत. हा शंकू आणि हे त्याचे खवले. खवल्याच्या एका अंगाचे लाकूड ओलाव्याने अधिक फुगते, दुसऱ्या अंगाचे कमी, म्हणून तो वाकतो. कोरड्या दिवसांत खवले उघडावेत आणि पंखवाल्या बिया वाऱ्यावर दूर उडून जाव्यात यासाठी ही सोय आहे. झाड मेले तरी सोय आपले काम करीत राहते.

त्या गप्पांतून मला प्रथम डॉ. बिरबल साहनी हे नाव कळले. आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या असे सांगण्यात आले, तेव्हा दुसरे कोणते नाव मनात आले नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाच्याने पुस्तके आणून दिली, अडेल तेथे समजावून दिले, त्या आधारावर हे लिहीत आहे. शास्त्राचे शब्द शक्य तेथे टाळले आहेत.

बिरबल यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. हे गाव झेलम नदीच्या काठाजवळ, आता पाकिस्तानात आहे. भेऱ्यापासून फार दूर नाही अशी मिठाच्या डोंगरांची रांग आहे. आपण उपवासाला जे सैंधव वापरतो ते या डोंगरांतले. खेवडा येथील खाण त्यासाठी प्रसिद्ध आहे. हे मीठ वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

वडील लाला रुचिराम साहनी लाहोरच्या सरकारी महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. गरिबीतून स्वतःच्या हिमतीवर वर आलेले, ब्राह्मो समाजाच्या विचारांचे, देशाच्या चळवळीत मनापासून रस घेणारे गृहस्थ. वय पन्नास उलटल्यावर १९१४ साली हे स्वतः विलायतेत मँचेस्टरला रदरफोर्ड या मोठ्या शास्त्रज्ञाकडे शिकायला जाऊन राहिले होते. आई ईश्वरदेवी धार्मिक वृत्तीच्या, पण मुलांनी शिकावे याबद्दल त्यांचे मन घट्ट होते. अशा घरात मुले पुस्तकांत आणि डोंगरांत अशी दोन्हीकडे वाढली. सुट्टी लागली की रुचिराम मुलांना घेऊन हिमालयात पायी निघत. पठाणकोटपासून लेहपर्यंतची वाट ही मंडळी चालून गेली. जोजीला खिंडीच्या बाजूला माचोई नावाची हिमनदी आहे, तेथे त्यांना तांबडे बर्फ दिसले. एका सूक्ष्म शेवाळाने बर्फाला तो रंग येतो. बिरबलांनी त्याचा नमुना गोळा करून घेतला. आमच्यासारख्यांनी ते तांबडे बर्फ पाहून हात जोडले असते.

या वाटांवर देवदार, चीड आणि कैल यांची जंगले लागतात. चिडाच्या पानांच्या सुया तीन-तीनच्या जुडीने येतात, कैलाच्या पाच-पाचच्या. देवदाराच्या आखूड फांदीवर सुयांचा झुबका असतो. पान सुईसारखे आणि वरून कातडे जाड, म्हणून थंडी-वाऱ्यात पाणी कमी उडते आणि बर्फ पानांवर साचून राहात नाही. आपल्याकडे देवदारी खोकी पूर्वी घरोघर असत. साबणाची, चहाची. त्या फळीला जो एक वास यायचा तो राळेचा. चिडाच्या खोडात राळेच्या बारीक नळ्या असतात. खाच पाडली की राळ पाझरते, तीच जखम बुजवते आणि किडीला आत येऊ देत नाही. टर्पेंटाइन याच राळेपासून काढतात.

लाहोरला बिरबलांना प्राध्यापक शिवराम कश्यप हे गुरू लाभले. हिमालयातील शेवाळवर्गी वनस्पतींचा अभ्यास करणारे हे थोर शिक्षक होते. १९११ साली बिरबल पदवीधर झाले आणि त्याच वर्षी विलायतेला गेले. मुलाने आय. सी. एस. व्हावे, कलेक्टर व्हावे असे वडिलांच्या मनात होते. त्या काळी कोणाच्या नसते? पण मुलाने नम्रपणे कळवले की आज्ञा असेल तर जातो, पण आवडीचे विचाराल तर मला वनस्पतींचाच अभ्यास करायचा आहे. रुचिरामांनी हट्ट धरला नाही. वडील असे समजूतदार निघाले हे मला फार मोठे वाटते. आपल्या घरात मुलाने असे काही म्हटले तर आपण काय करतो हे आपल्याला ठाऊक आहे.

केंब्रिजच्या इमॅन्युएल महाविद्यालयात ते राहिले. तेथे सेवर्ड नावाचे प्राध्यापक होते. दगड झालेल्या प्राचीन वनस्पतींचे ते मोठे जाणकार. शिष्याने गुरूचे मन जिंकले आणि ते नाते जन्मभर टिकले. बिरबल टेनिस चांगले खेळत, सतार आणि व्हायोलिन वाजवत, मातीच्या मूर्ती करत. नुसते पुस्तकी किडे नव्हते.

त्यांचा पहिला शोधनिबंध १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्याची हकीकत थोडी सविस्तर सांगते, कारण माझ्या समजुतीने त्यांचे पुढचे सारे आयुष्य त्या एका विषयाभोवती फिरले.

आंबा, चिंच, वाल यांचे बी फळात किंवा शेंगेत बंद असते. चीड-देवदार यांच्या शंकूत तसे नाही. खवल्याच्या अंगावर दोन बिया उघड्याच बसलेल्या असतात. नराच्या शंकूतून पिवळी धूळ, म्हणजे परागकण, वाऱ्यावर निघते; चिडाच्या एकेका कणाला हवेच्या दोन पिशव्या असतात. इकडे कोवळ्या बीच्या तोंडाशी चिकट पाण्याचा एक थेंब येतो. वाऱ्याने आलेला कण त्या थेंबावर बसला की थेंब आत ओढला जातो आणि कणही आत जातो. वारा आणि थेंब, एवढ्यावर त्यांची लग्ने जमतात. चीन-जपानकडे गिंको नावाचे एक फार जुन्या घराण्याचे झाड आहे. ते चिडाच्या जातीचे नव्हे, पण त्याचेही बी उघडे आणि तोंडाशी तोच थेंब. बिरबलांनी या गिंकोच्या कोवळ्या बिया सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तर आत गिंकोचे नसलेले, भलत्याच झाडांचे परागकण सापडले. वाऱ्याने आणले आणि थेंबाने निमूट आत घेतले.

यात एवढे विशेष काय, असे वाटेल. विशेष हे की दगड झालेल्या प्राचीन बियांत परागकण सापडला की शास्त्रज्ञ खुशाल म्हणत, हा कण त्याच झाडाचा. बिरबलांनी दाखवून दिले की असे धरून चालू नये. घरात बसलेला माणूस घरचाच असतो असे नाही, पाहुणाही असू शकतो. शेजारी सापडले म्हणून नाते ठरत नाही. नात्याचा पुरावा वेगळा लागतो. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाने मोठमोठ्यांना दिलेला हा इशारा होता.

यानंतर त्यांनी सूचिपर्णी झाडांच्या अंतरंगाचा अभ्यास हाती घेतला. बाहेरून झाड कोणीही पाहतो. हे खोडाची, बीची, पानाची पातळ चकती करून आत पाहात. चिडाच्या लाकडाची चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर लांबट, निमुळत्या, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या बारीक पेशी दिसतात. आंब्याच्या, सागाच्या लाकडात पाणी वाहणाऱ्या मोकळ्या नळ्या असतात, त्या येथे नसतात. या बारीक पेशींच्या भिंतींना गोल खिडक्या असतात, खिडकीभोवती काठ उचललेला असतो आणि मधोमध एक जाडसर बिल्ला पडद्यावर टांगलेला. एका पेशीत हवा शिरून पाणी तुटले तर बिल्ला एका बाजूला सरकतो आणि खिडकी बंद होते. नळाच्या वायसरासारखेच काम. एक पेशी गेली तरी बाकीचे झाड तहानत नाही. उंचच उंच देवदार याच खिडक्यांवर पाणी चढवतो. या खिडक्यांची ठेवण, रांगा, संख्या यांवरून लाकूड कोणत्या घराण्याचे हे ओळखता येते, आणि लाकडाचा दगड झाला तरी त्या शाबूत राहू शकतात. म्हणून त्या इतक्या मोलाच्या.

१९२० साली त्यांचे दोन महत्त्वाचे निबंध आले. एक न्यू कॅलेडोनिया या दूरच्या बेटावरील अ‍ॅक्मोपाइल नावाच्या सूचिपर्णी झाडावर, आणि दुसरा टॅक्सस या झाडाच्या बीवर. टॅक्सस म्हणजे आपल्या हिमालयात ज्याला थुनेर म्हणतात त्याच जातीचे. हे झाड पाने सूचिपर्णी लोकांसारखी मिरवते, पण त्याला शंकूच नाही! फांदीच्या टोकाला एकटे एक बी, आणि त्याभोवती लालचुटूक गराची वाटी. शिवाय लाकडात राळेच्या नळ्याही नाहीत. साहनींनी बीच्या आतली रचना तपासून असे मत दिले की हे बी खवल्यावरचे नसून डहाळीच्या टोकाचे आहे, त्याची चाल फार जुनी आहे, आणि म्हणून या झाडाला चीड-देवदारांच्या कुळातून वेगळे काढून स्वतंत्र पंक्तीला बसवावे. पुष्कळ वर्षे बऱ्याच शास्त्रज्ञांनी ते मानलेही. अलीकडे जनुकांच्या तपासणीवरून मात्र असे ठरले आहे की थुनेर त्या कुळातलाच आहे. शंकू नसला तरी रक्ताने त्यांचाच. म्हणजे येथे साहनींचे अनुमान टिकले नाही. पण त्यांनी बीचे जे वर्णन केले ते आजही अभ्यासतात.

थुनेराबद्दल एक आणखी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. याच जातीच्या अमेरिकेतील झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हे औषध निघाले. त्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध झाली, १९९२ साली अमेरिकेत ते वापरायला परवानगी मिळाली, आणि आज स्तनाच्या व बीजकोशाच्या कर्करोगावर ते सर्रास देतात. आपल्या ओळखीत ते घेतलेल्या बायका आहेत. औषधापायी हिमालयातल्या थुनेराची मात्र बेसुमार तोड झाली. साहनींना यातले काही माहीत असण्याचे कारण नव्हते.

१९१९ साली लंडनची डी.एस्सी. पदवी घेऊन ते स्वदेशी परतले. वर्षभर बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयात, नंतर लाहोरला, आणि १९२१ पासून लखनौ विश्वविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे पहिले प्राध्यापक. लखनौला ते अखेरपर्यंत राहिले. १९२० साली त्यांचा विवाह सावित्री सुरी यांच्याशी झाला. सावित्रीबाईंचे वडील पंजाबात शाळांचे इन्स्पेक्टर होते. या बाई घरात बसून राहिल्या नाहीत. पतीबरोबर डोंगरांत, खाणींत, परदेशांत सगळीकडे हिंडल्या. साहनी खादी वापरत. पांढरी खादीची शेरवानी आणि टोपी अशा वेषात ते वर्गावर येत. पहिल्या वर्षाच्या मुलांना ते स्वतः शिकवत. मोठा प्राध्यापक झालो, आता लहानांना दुसऱ्याने शिकवावे असे त्यांनी केले नाही.

सेवर्ड गुरुजींबरोबर त्यांनी हिंदुस्थानातील प्राचीन वनस्पतींच्या दगडी नमुन्यांची फेरतपासणी १९२० साली प्रसिद्ध केली होती. पुढे एकट्याने हिंदुस्थानातील सूचिपर्णी वृक्षांच्या जीवाश्मांवर दोन मोठे ग्रंथ लिहिले. १९२८ च्या भागात दगडावर नुसते ठसे उमटलेले नमुने, आणि १९३१ च्या भागात अंतर्बाह्य दगड झालेली लाकडे व शंकू. यात आपल्या नागपूरचाही वाटा आहे. नागपूरजवळच्या टाकळी येथील दगडी वनस्पती एकोणिसाव्या शतकात हिस्लॉप नावाच्या पाद्र्याने व त्यांच्या सोबत्याने गोळा केल्या होत्या. अशाच एका दगडी शंकूला साहनींनी टाकळीच्या नावावरून टॅक्लिओस्ट्रोबस असे नाव दिले. गावाचे नाव असे शास्त्रात जाऊन बसले.

दख्खनच्या काळ्या पाषाणाचे थर हे लाव्ह्याचे थर आहेत. एक थर निवून गेला की मध्ये बराच काळ तळी साचत, झाडे वाढत, मग पुन्हा लाव्हा येई. त्या मधल्या काळातली झाडे नागपूर-छिंदवाड्याकडे गारगोटीसारखी होऊन राहिली आहेत. साहनींनी व त्यांच्या शिष्यांनी त्यांचा पुष्कळ अभ्यास केला, आणि वनस्पतींच्या साक्षीवरून हा पाषाण पूर्वी समजत होते त्याहून अलीकडचा असावा असे प्रतिपादन केले. आता हे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे धरतात. डायनोसॉर संपले तो सांधा. आपल्या पाट्या-वरवंट्याचा दगड तो हाच.

दगडात झाड कसे पाहतात, याचे मला फार कुतूहल होते. दगडाची पातळ चीप करवतीने कापतात, ती काचेला चिकटवतात आणि मग दुसरी बाजू बारीक पूड टाकून पाण्याबरोबर घासत राहतात. चंदन सहाणेवर उगाळावे तसे. उजेड आरपार जाईपर्यंत घासायचे. थोडे अधिक घासले तर सारे धुऊन जाते, कमी घासले तर काही दिसत नाही. आडनाव साहनी आणि जन्म गेला सहाणेवर, असे माझ्या मनात आले. तसा त्या आडनावाचा सहाणेशी काही संबंध नाही.

या उगाळण्यातून त्यांचे सर्वात मोठे काम झाले. बिहारमधील, आता झारखंडातील, राजमहाल टेकड्यांत निपानिया नावाचे गाव आहे. तेथील दगडांत निरनिराळे तुकडे सापडत. एक खोड, ज्यात लाकडाचे पाच वेगळे गट वर्तुळात मांडलेले. एक लांबट पान. एक बियांचे तुतीसारखे बोंड. तिघांना तीन वेगळी नावे मिळाली होती, जशी तीन वेगळी झाडेच असावीत. शेजारी सापडले म्हणून ते एकाचे म्हणायला साहनी तयार नव्हते, १९१५ चा धडा त्यांचाच होता. त्यांनी चकत्या घासून आतली रचना जुळवली, आखूड फांदीवर पान कसे लागते आणि बोंड कसे लागते हे जोडून पाहिले, आणि १९४८ साली जाहीर केले की हे तिन्ही एकाच झाडाचे अवयव आहेत. या घराण्याला त्यांनी पेंटॉक्सिली असे नाव दिले. खोडाचे लाकूड सूचिपर्णी झाडांसारखे, पान भलत्याच कुळासारखे, आणि बियांचे बोंड कोणासारखेच नाही! अशी वनस्पती आज पृथ्वीवर कोठेही नाही. नात्याचा पुरावा कसा गोळा करावा याचा हा नमुना मानतात.

आता त्या मिठाकडे वळते.

भेऱ्याजवळच्या मिठाच्या थरांचे वय काय, हा वाद भूगर्भशास्त्रज्ञांत फार जुना. मिठाच्या वरचे खडक पन्नास कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा खालचे मीठ त्याहून जुने असले पाहिजे, असे एका पक्षाचे म्हणणे. दुसरा पक्ष म्हणे की गाद्यांच्या चळतीतली जुनी गादी सरकून नव्या गादीवर येऊन बसावी तसे येथे झाले आहे, मीठ मुळात नवे आहे. साहनींनी १९४४ च्या सुमारास मीठ आणि त्याबरोबरचे खडक घेऊन ते विरघळवले आणि राहिलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात लाकडाचे सूक्ष्म तुकडे निघाले. काहींवर सूचिपर्णी झाडांच्या त्या ओळखीच्या गोल काठाच्या खिडक्या होत्या! एक पंखवाला किडाही निघाला. पृथ्वीवर सूचिपर्णी झाडे येऊन तीस-बत्तीस कोटी वर्षे झाली. मग ज्या मिठात त्यांचे लाकूड आहे ते पन्नास कोटी वर्षांचे कसे असेल? साहनींनी मीठ नवे, सुमारे पाच कोटी वर्षांच्या आसपासचे ठरवले आणि ते मत हिरिरीने मांडले. त्यावर १९४४ आणि १९४५ साली मुद्दाम परिसंवाद झाले, मोठमोठे शास्त्रज्ञ दोन्ही बाजूंनी भांडले.

आज हा वाद मिटला आहे, आणि तो साहनींच्या विरुद्ध मिटला आहे. मीठ जुनेच आहे. ते लाकडाचे कण बाहेरून शिरलेले होते. मीठ ओलाव्याने विरघळते आणि पुन्हा गोठते, भेगांतून पाणी काय काय घेऊन जाते. साहनींनी नमुने स्वच्छ राखण्याची काळजी घेतली होती. हलगर्जी त्यांच्याकडून झाली असे कोणी म्हणत नाही. पण घरात सापडलेला तो पाहुणा होता, आणि पाहुण्याला घरचा समजू नका हे सर्वांच्या आधी ज्याने सांगितले त्याच्याच हातून ही चूक झाली. हे वाचले त्या दिवशी मला चुटपूट लागून राहिली. चरित्र लिहिताना हे गाळावे की काय असेही वाटले. भाचा म्हणाला, गाळू नकोस, शास्त्रात याला कमीपणा मानत नाहीत. म्हणून लिहिले. मला मात्र असेही वाटते की ज्या डोंगरांच्या सावलीत माणूस जन्मतो त्यांच्याबद्दल त्याचे मन अगदी कोरडे राहात नसावे. हा माझा बायकी तर्क आहे, त्याला पुरावा नाही.

मान-सन्मान त्यांना पुष्कळ मिळाले. १९२९ साली केंब्रिजने एस्सी.डी. ही पदवी दिली, १९३६ साली रॉयल सोसायटीचे सभासद झाले, १९४० साली सायन्स काँग्रेसचे अध्यक्ष. १९३६ साली रोहतकजवळच्या खोकराकोट टेकडीत त्यांना जुन्या नाण्यांचे मातीचे साचे सापडले आणि प्राचीन काळी नाणी कशी ओतत यावर त्यांनी १९४५ साली पुस्तक लिहिले, त्याबद्दल नाणेशास्त्राच्या संस्थेने पदक दिले. झाडांचा माणूस नाण्यांतही शिरला तो याच नजरेने. साच्यांचे तुकडे जुळवून कारागिराचे हात पाहिले.

प्राचीन वनस्पतींच्या अभ्यासाला वाहिलेली संस्था आपल्या देशात असावी ही त्यांची जुनी इच्छा. १९४६ साली पति-पत्नींनी आपली पुंजी, मालमत्ता, ग्रंथ आणि दगडी वनस्पतींचा संग्रह यासाठी देऊन टाकला, आणि त्या वर्षी १० सप्टेंबर रोजी संस्था सुरू झाली. प्रथम लखनौ विश्वविद्यालयातल्याच खोल्यांत कारभार चाले. पुढच्या वर्षी फाळणी झाली, भेरा आणि लाहोर पलीकडे गेले. १९४८ साली सरकारने विश्वविद्यालय मार्गावर जागा दिली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली. नेहरूंचाही जन्म १४ नोव्हेंबरचा, फक्त दोन वर्षे आधीचा. कोनशिला संगमरवराची नव्हती. निरनिराळ्या ठिकाणचे वनस्पतींचे जीवाश्म सिमेंटात बसवून साहनींनी ती स्वतः करविली होती.

त्यानंतर आठवडाही पुरता झाला नाही. ९ एप्रिलच्या रात्री हृदयविकाराचा झटका येऊन ते गेले. वय अवघे सत्तावन्न. शेवटच्या घटकेला त्यांनी सावित्रीबाईंना एवढेच सांगितले की संस्थेला जोपासा. बाईंनी ते शब्द पदरात घेतले.

आता विचार करा. जमिनीवर एक दगड बसलेला, इमारतीचा पत्ता नाही, ज्याच्या नावावर पैसा आणि माणसे जमायची तो माणूस गेलेला. सावित्रीबाई वनस्पतिशास्त्राच्या पंडिता नव्हत्या. पण वीस-पंचवीस वर्षे पतीबरोबर हिंडून कोणता माणूस कामाचा, कोणाकडे काय मागायचे, हे त्यांना ठाऊक झाले होते. त्यांनी संस्थेचे अध्यक्षपद पत्करले आणि दुःख कोपऱ्यात ठेवून सरकारदरबारी, शास्त्रज्ञांकडे, परदेशांत पत्रव्यवहार व खेटे सुरू केले. १९५१ साली युनेस्कोच्या साहाय्याने नॉर्वेहून डॉ. हेग हे संचालक म्हणून आले. १९५२ साली इमारत पुरी झाली आणि २ जानेवारी १९५३ रोजी नेहरूंनीच तिचे उद्घाटन केले. आपल्या मंडळाची एक खोली बांधताना किती पावत्या फाडाव्या लागल्या हे ज्यांच्या लक्षात आहे त्यांना या तीन-साडेतीन वर्षांचे मोल सांगायला नको.

सावित्रीबाईंनी हा भार जवळजवळ वीस वर्षे वाहिला. १९६९ साली संस्थेची नवी नोंदणी होऊन ती सरकारी साहाय्यावर स्थिर झाली, आणि त्याच वर्षी बाईंना पद्मश्री मिळाली. आज तिला बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था म्हणतात. डॉ. साहनींची समाधी तिच्या आवारातच आहे, आणि ती जीवाश्मांची कोनशिलाही तेथे पाहायला मिळते. पुढच्या वर्षी लखनौला भाच्याच्या सासुरवाडीचे लग्न आहे. कपाटातला शंकू बरोबर न्यायचा आणि त्या कोनशिलेपाशी उभे राहायचे असे मी ठरवले आहे. लग्न मार्चमध्ये आहे, म्हणजे तेव्हा तो उघडलेला असेल.